लाल दोऱ्याच्या चिंबोऱ्या

सन्माननीय अध्यक्ष बाळाजीशेठ, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते डॉ. अंबाजी शिगवण, आणि काशीदच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मुख्याध्यापक म्हणून मला बोलायला उभं केलंय खरं, पण बोलता बोलता माझं लक्ष खिडकीतून दर्याकडे जातं, हे माझे विद्यार्थी जाणतात. आज तर ते जाणारच.

डॉक्टर तळा गावाकडचे, भातशेती करणाऱ्या घरातले. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्याच वर्षी इथं आले आणि शाळेची मागची खोली मागून घेऊन त्यांनी तिची प्रयोगशाळा केली. कशासाठी? तर पुस्तकात जिला खेकडा म्हणतात, त्या आपल्या चिंबोरीच्या रक्तासाठी. आपल्या रक्तात लोखंड असतं, तिच्या रक्तात तांबं. एकदा त्यांनी मला बंद नळीतला थेंब दाखवला. पाण्यासारखा होता. बूच काढलं, वारा लागला आणि तो हळूहळू निळा होत गेला. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं, ते मला आठवत नाही.

पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा या तांब्याचं काय होतं, हा डॉक्टरांचा ध्यास. चिंबोरीच्या पायातून थोडं रक्त घ्यायचं, नांगीला लाल दोरा बांधायचा आणि तिला सोडून द्यायचं. पाऊस सरल्यावर तीच चिंबोरी जाळ्यात आली की पुन्हा रक्त तपासायचं. पण दोन वर्षं दोऱ्याची एकही चिंबोरी परत आली नाही.

"गुरुजी, रक्त काढून मी त्यांना मारतोय," डॉक्टर म्हणाले आणि बाटल्या पेंढ्यात बांधायला लागले. मला फार वाईट वाटलं. काम कायमचं बंद होणार होतं.

तेवढ्यात नीराबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली. "डाक्तर, चाललाव? न् नवस फिटला काय?"

"कसला नवस?"

"दोरे बांधून सोडताव तो. आमी तुमची एकबी चिंबोरी धरली न्हाय. दोरा दिसला की हात जोडतो न् सोडतो."

"म्हणजे त्या जिवंत आहेत?"

"जित्या न्हाय त काय?"

डॉक्टर पेंढ्यातच बसले. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. आपल्याकडे नवसाचा जीव कुणी धरत नाही, हे त्यांना कोण सांगणार? आणि नवस कशाचा, हे कुणी कुणाला विचारतं का?

त्या नारळी पौर्णिमेला या शास्त्रज्ञानं दर्याला नारळ वाहिला आणि नवस फिटल्याचं मोठ्यानं सांगितलं. तेव्हा कुठे सदा तांडेलानं दोऱ्याची पहिली चिंबोरी आणून दिली. पावसात उतरलेलं तांबं पुढे पुन्हा भरून येतं, हे त्यातूनच जगाला कळलं.

आता डॉक्टर मद्रासच्या संस्थेत निघालेत. जाऊ नका म्हणावं, असं गेला महिनाभर माझ्या जिभेवर आहे. अध्यक्षांनी मला इतका वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. मास्तराचं बोलणं भरकटलं असेल तर पोटात घाला.

डॉक्टर, मघाशी हारासोबत नीराबाईनं तुमच्या मनगटाला लाल दोरा बांधला. तेव्हा आता आमच्यातलं कुणी तुम्हाला धरणार नाही. हात जोडतो न् सोडतो.