पंचानं टाळी वाजवली

...नाही, मले एक सांगा, पंचानं टाळी वाजवली तं गुन्हा झाला का? झाला म्हणते ना सगळे! अन् मी काही हौसेनं पंच झालो नव्हतो, तुम्हाले सांगतो! मी साधा टेनिस शिकवणारा माणूस. रामदासपेठेतल्या आमच्या कोर्टावर बारा वर्षांखालच्या पोरींची फायनल, एप्रिलचं ऊन, अन् जो पंच येणार होता त्याले सकाळीच ऊन लागलं. चंपतराव, स्पर्धा भरवणारे, मले म्हणते, "पंकजसर, तुम्हीच बसा ना! दोन्ही पोट्ट्या तुमच्याच तं आहेत!"

अहो, तेच तं लफडं! दोघी माझ्याच! एक नंदनवनची काजल, दुसरी मनीषनगरची भावना. कोणीबी जिंको, हरलेलीचे मायबाप मले कच्चा खाणार. तरी चढलो. ही एवढी उंच लोखंडी खुर्ची, तव्यासारखी तापलेली, अन् खाली इकडून काजलचा बाप अंकुशभाऊ, तिकडून भावनाची आई पुष्पलताताई, दोघंबी कोर्टाबाहेरच्या जाळीले चिकटून. उतरता येते का? नाही येत!

अन् मॅच कशी? दोघी बॉल मारतच नाही! ही आभाळात उडवते, तो पलीकडं पडते, मग ती आभाळात उडवते... एका पॉइंटले मी बावन्न वेळा मान वर केली, बावन्न! माझ्या मानेले लचक भरली. अर्धा तास झाला, एक तास झाला, दीड झाला... शर्ट पाठीले चिकटला, पाठ खुर्चीले चिकटली. पाणी मागावं तं पुष्पलताताई ओरडते, "सर, लक्ष कुठं आहे तुमचं?" उतरता येते का? नाही येत!

आता ही काजल. तुम्हाले सांगतो, असा फोरहँड मी वीस वर्षांत पाहिला नाही. सरावात मारते तं मागची जाळी थरथरते! पण मॅच आली की बाप सुरू, "परत टाक बेटा! फक्त परत टाक! चुकायचं नाही!" दोन वर्षं झाली, मी घसा फोडून राहिलो, "मार वं बाई, मार!" अन् पोरगी एकदा माझ्याकडं पाहते, एकदा बापाकडं पाहते, अन् बॉल आभाळात!

शेवटी टायब्रेक. भावनाले जिंकायले एकच पॉइंट पाहिजे. भावनानं उंच बॉल टाकला, अंकुशभाऊ ओरडले, "परत टाक!" ...अन् काय झालं त्या पोट्टीले, कोणास ठाऊक, दात चावले, खांदा फिरवला, अन् असा हाणला, असा हाणला! आवाज असा, का झाडावरचे कावळे उडाले! अन् मी? मी पंच आहो हे विसरलो ना भाऊ! खुर्चीत उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या, "वाऽऽ बेटा!"

बॉल कुठं पडला? रेषेच्या चार बोटं बाहेर.

लाल मातीत खूण साफ दिसून राहिली होती. टाळ्यांचे हात खाली केले, खुर्चीत बसलो. अन् म्हटलं, "आउट!" संपलं. काजल हरली.

मग काय विचारता! अंकुशभाऊ ओरडते, "मी दोन वर्षं तिले चुकू नको म्हणतो, अन् तुम्ही चुकीवर टाळ्या वाजवता?" पुष्पलताताई ओरडते, "माझी पोरगी जिंकली, अन् पंच हरलेलीसाठी उभा राहते? मी लेखी तक्रार करीन!" इकडून हा, तिकडून ती, शिडीच्या दोन्ही बाजू बंद. उतरता येते का? नाही येत!

अन् मधातून काजल आली, तोंड टमाट्यासारखं लाल. मले वाटलं आता रडते. तं म्हणते, "सर, फटका पाहिला का? कसा बसला!"

मी म्हटलं, "अवं, हरली ना तू!"

"हो ना! पण बसला ना, सर!"

बाप पोरीचं तोंड पाहात राहिला, मग तिची बॅग खांद्यावर घेतली अन् चालला गेला. मले वाटलं, गेली पोरगी क्लासमधून. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाले आणून सोडली त्यानं. जाळीपासून दूर, स्कूटरवरच बसून राहिला. "परत टाक" एकदाबी ओरडला नाही.

म्हटलं, चला, सुटलो! तेवढ्यात भावना आली. जिंकलेली भावना! हळूच माझ्या कानात म्हणते, "सर, मलेबी काजलसारखं हरायले शिकवा ना."

अन् मागून पुष्पलताताई, "काय म्हणून राहिली वो पोरगी?"

काय सांगू, तुम्हीच सांगा? म्हटलं, "काही नाही ताई... बॅकहँड कच्चा आहे म्हणते."