घड्याळावरचा टॅक्स

परदेशातल्या खरेदीवरचा टॅक्स वापस भेटते म्हणतात ना, माह्यापुढं त्याचं नावच काढू नका. बँकॉकवरून येत होतो. दुसऱ्या दिवशी राळेगावात भाचीचं लगन. मी एकटाच मामा, तिले बोहल्यावर न्याचा मान माहा. तिच्यासाठीच घेतलेल्या घड्याळावरचा टॅक्स घ्याले विमानतळावर लाइनीत उभा राह्यलो.

बायको म्हणे, "सोडा न जी, विमान सुटून जाईन."

म्हटलं, "आपल्या हक्काचे पैसे हायेत, कायले सोडू?"

पैसे भेटले, पण गेटवर पोचलो तं दार बंद झालतं. पुढचं विमान थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

लगनाच्या दिवशी दुपारी तिथूनच बहिणीले फोन केला. ती म्हणे, "आता ये निवांत, दादा. पोरीले शेजारच्या काकानं नेलं बोहल्यावर."