यीस्टमधली नक्षी

दाताच्या दवाखान्यात ‘यीस्ट’ हा शब्द कानी पडला, तसे बेकरीवाल्याने कान टवकारले. शेजारी आत्या-भाची बोलत होत्या.

“अगं, पावाचं पीठ तासाभरात फुगतं. तुझं संशोधन पाच वर्षं फुगतंय!”

“आत्या, यीस्टमधल्या एका प्रथिनात एकच नक्षी पुन्हापुन्हा विणलेली असते. तिच्यामुळे कितीतरी जनुकं गप्प बसतात.”

“आणि नक्षी थोडी उसवली तर?”

“काही जनुकं बोलायला लागतात. कोणती, ते शोधायला अजून वर्ष हवंय. पण बाबा म्हणतात, पुरे झालं, घरी ये.”

“लाव त्याला फोन... दादा, पोरीला वर्षभर शिकू दे. ...खरंय रे, पण पोरीला वर्षभर शिकू दे. ...हो ना, पण पोरीला वर्षभर शिकू दे.”

“काय म्हणाले?”

“गप्प बसलाय. लहानपणापासून तो असाच हो म्हणतो.”