काकांचा झूमवाला स्कोप

दोष काकांचा, आधीच सांगतो. एअरगनवर बसवायला मला चार पटींचा फिक्स्ड स्कोप, म्हणजे नेम धरायची साधी दुर्बीण, हवा होता. चाळीस वर्षं इथे जपानात, कोबेत मुरलेले काका दुकानातच म्हणाले, "डिग्री अर्धी सोडलीस, निदान स्कोप तरी पूर्ण घे!" घेतला झूमवाला, बारा पटींपर्यंत जाणारा.

शिकारीच्या सीझनच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं बदकांसाठी तळ्यावर गेलो. काकांना बंदुकीला हात लावायचा परवाना नाही, म्हणून तोंड चालू. "वाढव, अजून वाढव, बारावर ने!"

नेला. बदक वीस मीटरवर, आणि मला दिसतंय नुसतं धूसर तपकिरी.

"काय दिसतंय रे?"

"पिसं. मोजू का, काका?"

काका खो-खो हसले आणि बदकं उडून गेली. मग आम्ही कोनबिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातली, तळलेली कोंबडी खाल्ली. झकास होती.

त्या सीझनला मला एकही बदक मिळालं नाही.