बघणाऱ्याचं सोडा

— नाही नाही, उठू नका, अजून वेळ आहे. मी आपला पाणी प्यायला बाहेर आलो. तिची आई ना तुम्ही? न सांगता कळलं, नाक जसंच्या तसं उचललंय पोरीनं. मी बाहेरून आलेला परीक्षक — बसा हो, मोठा माणूस वगैरे काही नाही. आत काय चाललंय म्हणता? चाललंय की. प्रबंधाची तोंडी परीक्षा म्हटली की थोडी खेचाखेची व्हायचीच. मला लोक मागून ‘कात्री’ म्हणतात, ठाऊक आहे मला. का? समोरचा बोलत असताना मधेच कापतो म्हणून. खोटं कशाला बोलू, आवडतं मला ते नाव. म्हणजे, मघापर्यंत आवडायचं.

ती कशावर काम करते, सांगितलं असेल ना तुम्हाला? कृष्णविवर, बरोबर. पण नुसतं नाही — विद्युतभार असलेलं. म्हणजे कसं, कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो ना, तसला भार. विवर काय, सगळंच गिळतं. सोनं गिळलं की शेण, बाहेरून पत्ता लागत नाही. पण भार लपत नाही. गिळला तरी त्याचं विद्युतक्षेत्र बाहेर जाणवतच राहतं — पचत नाही म्हणा ना. आता तुमच्या लेकीचं विवर स्वतःभोवती फिरत नाही, गप उभं आहे. गप उभ्या भाराला चुंबकीय क्षेत्र नसतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि हिनं आकृतीत चुंबकीय रेषा काढलेल्या, चांगल्या झोकात, विवराभोवती. मी म्हटलं, सापडली. म्हणजे — चूक सापडली.

मग मी विचारलं. काय विचारलं? आता तुमच्यासमोर कसं सांगू — विचारलं, “विवर फिरत नाही म्हणता, मग हे चुंबकत्व आणलंत कुठून, माहेरून?” हं. माहेर म्हणजे तुम्हीच की. सगळे हसले. अध्यक्ष हसले, तिचे मार्गदर्शक तर सगळ्यांच्या आधी हसले. ती म्हणाली, “सर, बघणारा —” आणि मी कापलं. “बघणाऱ्याचं सोडा, विवराचं बोला.” झालं. नंतर जे काही विचारलं त्याला नुसती मान हलवत होती.

हा चष्मा बघताय? वाचायचा आहे. पिशवीतच असतो, चारचौघांत लावत नाही, म्हातारा दिसतो त्यानं. हसा, हसा. नाही हसत? बरं. प्रबंध मी घरी वाचला होता — वाचला म्हणजे चाळला. आत्ता तिकडे नळापाशी चष्मा लावून ते पान काढलं, आपलं सहज. तर आकृतीखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: विवराभोवती फिरणाऱ्या निरीक्षकाला दिसणारं क्षेत्र. हे बघा, धरा हातात, हे इथे. आता कंगवा टेबलावर ठेवा आणि तुम्ही त्याच्या बाजूनं झपझप चालत जा — तुमच्या लेखी कंगवाच चालला ना मागे? आणि चालता भार म्हणजे प्रवाह, प्रवाह आला की चुंबकत्व आलंच. विवर उभंच आहे हो, बघणारा फिरतोय. एवढंच तर सांगत होती ती. पहिल्याच शब्दात सांगत होती.

अख्खं तिसरं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. ते काढायला लावलं तर सगळं नव्याने लिहा, पदवी वर्षभर लांबली. आणि ती नोकरी — हो, कळलं मला आत, पदवी हातात आल्याशिवाय घेत नाहीत म्हणून. वर्षभर कोण थांबतंय? कुणी नाही. मला आत जाऊन एवढंच म्हणायचंय, चुकलं माझं, पोरीचं बरोबर आहे. जिभेला वळण नाही हो त्याचं. लाज वाटते. चुकल्याची नाही, चुका काय सगळ्यांच्याच होतात — ते माहेरचं बोललो त्याची. आणि सगळे हसले तेव्हा मला बरं वाटलं, त्याची. पण तुमच्यापाशी बोललो, आता जरा धीर आला. जातो. हा उठलोच बघा.

— अगं, तूच आलीस बाहेर? काय म्हणतेस? काढतेस तिसरं प्रकरण? तुझ्या सरांनीच सांगितलं... माझं बरोबर होतं म्हणतेस. नाही, अगं, ते — आभार कसले त्यात. हं. ठीक आहे. पुढच्या वेळी जरा नीट बघत जा.

गेली? नळाकडे गेली वाटतं तोंड धुवायला. तुम्ही नाही गेलात तिच्यामागे? असं बघू नका हो. मी म्हणणारच होतो, ओठांवर आलं होतं, सवयीनं भलतंच निघून गेलं तोंडातून. तुम्हाला सगळं ठाऊक आहे आता, तुम्हीच समजावून सांगा ना तिला — कंगव्याचं सांगा, समजेल तिला. कुठे निघालात? अहो, तो प्रबंध द्या इकडे, ते पान उघडंच आहे. तिकडे नका जाऊ, समिती बसलीय आत. नाही, थांबा. असं माझ्यासाठी दार उघडं धरून उभ्या राहू नका. अहो, सगळे बघतायत.