कौन अन् काऊन

फौजेतली गोष्ट सांग म्हनता अन् पेन उघडून बसता, तं आधीच सांगतो, बॉर्डर नाई, बर्फ नाई, दुश्मन तं अजिबातच नाई. मी गोळ्या झाडल्या त्या पुठ्ठ्याच्या मानसावर, अन् तोही वाचला. आता उठाचं असन तं उठा, नाई तं माह्या हाताची गोष्ट आयका.

गाव आमचं गोंडपिपरीच्या अल्याड. घरी धानाच्या बांध्या, अन् बाबूजी बँडपार्टीत क्लार्नेट वाजवतात. मले त्याहीनंच शिकवलं, चुलीच्या फुकनीले भोकं पाडून. माय वरडे, अजी आता इस्तू कायनं फुकू, चुलीले गानं आयकवू का? अन् नकला तं मी पोटातूनच घेऊन आलो. शाळेत एकदा भिंतीमांगून हेडमास्तरच्या आवाजात सुट्टी देल्ली, पोट्टे खरंच घरी गेले, मास्तर पन सायकल काढत होते.

तं फौजेत काऊन गेलो? कोनीतरी सांगतलं का तिथी पन बँड रायते, वाजवनाऱ्याची पक्की नोकरी. एस्टीत बसवतानी बाबूजी म्हने, लग्नात आपन वाजवलं तं लोक आपल्यासमोर पिऊन नाचतात बे, तिथी तू वाजवशीन तं लोक सरळ उभे रायतीन. बस, मले तेवढंच पाहाचं होतं. माह्या फुकीवर उभे रायलेले लोक.

ट्रेनिंगमध्ये बँडच्या हवालदारानं मले आयकलं अन् म्हने, सोमवार को आ जा, ट्रायल लूँगा. काय सांगू तुमाले, मी इतका खुश का त्या संध्याकाळी पान्याच्या टाकीकडं जातानी बोटं हवेतच चालून राह्यले होते. तिथी पहाऱ्यावरचा जवान वरडला, थम! कौन आता है? आमाले शिकवलं होतं का नाव सांगाचं, नंबर सांगाचं, पन डोक्यात गानं होतं ना. आमच्याकडं कोन म्हंजे कोन, अन् काऊन म्हंजे कशाले. मले आयकू आलं, काऊन येते? मी म्हनलं, पानी प्याले जी. तो अजून जोरात, कौन आता है! मी पन जोरात, अजी तहान लागली म्हनून!

तो बिचारा हसला. पन मांगं आमचा उस्ताद उभा होता, परेड घेनारा. त्याचा आवाज असा का गिट्टीवरून टिनाचा डबा ओढावा. म्हने, मसखरी करता है? मुट्ठी पे आ जा. गिट्टीवर मुठी टेकून दंड काढाचे. मी काढून राह्यलो, सारे पोट्टे लाइनीत उभे राहून पाहून राह्यले. म्हने, सुना है बाजा बजाता है, उँगली कैसे रखता है, दिखा. मी बोटं उघडून गिट्टीवर ठेवले. मले खरंच वाटलं का मानूस कौतुकानं पाहून राह्यला. त्यानं वर बूट ठेवला, टाच फिरवली अन् म्हने, अब बजा.

लाइनीतले काही पोट्टे हसले. टायमिंगच तसं होतं त्याचं, काय करतीन.

दवाखान्यात घेऊन गेला तोच. दारात म्हने, बाथरूम में गिरा, बोल. मी डॉक्टरले तेच सांगतलं, पन उस्तादच्याच आवाजात. डॉक्टर खूप हसला, अन् हसतहसत लिवलं, बाथरूममध्ये पडला. सोमवारी पट्टीचा हात घेऊन हवालदारकडं गेलो तं तो हाताकडं पाहून म्हने, जा बेटा. पट्टी निंगाली, तरी हे दोन बोटं वाकतच नाई. पाहा, दाबून पाहा, दुखत नाई आता. तेवढ्यावर अनफिट. घरी पन मी तेच सांगतलं, बाथरूम. बाबूजीनं पुढच्या वरातीत माह्या चांगल्या हातात खुळखुळा देल्ला.

आता दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते, आमच्याकडची जत्राच, तिथी दुपारी दंडार रायते, नाचगान्याचं नाटक, तिच्यात सोंग बदलेपर्यंत मी नकला करतो. कंडक्टरची करतो, पटवाऱ्याची करतो, पन लोक वरडतात, कौन आता है कर ना भाऊ. औंदा आमच्याच गावची मंडई, माय पुढं बसली होती. पानी प्याले जी म्हनलं तं पदर तोंडात घालून हसली. मंग मी बोटं उघडले, बूट ठेवला, अब बजा म्हनलं. सारी मंडई लोळली. माय हसता हसता माह्या हाताकडं पाहाले लागली, अन् तिचा पदर तसाच तोंडात राह्यला.

घरी आलो तं भात वाढेचना. म्हने, पाय घसरते म्हनून मी तुले इतके दिस शिव्या देल्या, अन् गावाले खरं सांगतं, मले नाई? मी म्हनलं, माय, लोक हसतात ना. म्हने, हसतीनच, त्याहीच्या पोराचा हात हाय का? तो मेला एकदा तुडवून मोकळा झाला, तू त्याले रोज गळ्यात बसवून गावोगाव फिरवतं, माह्या घरचा भात खाऊ घालतं! बाबूजी खाली पाहून जेवत होते. माह्या तोंडातून सवयीनं त्याच आवाजात निंगालं, गलती हो गई, माताजी. तं तिनं फुकनी फेकून मारली. तीच, भोकं पाडलेली. म्हने, निंग.

निंगालो. उलीसा वेळ वट्ट्यावर बसलो, मंग कडी वाजवली. आतून माय वरडली, कोन हाय?

मी म्हनलं, पानी प्याले जी.

आत कोनी हसलं नाई. मंग म्हने, ये मेल्या, भात थंडा होऊन राह्यला. पन त्याले भायेरच ठेवून ये.