परतीचा रकाना

(नदीकाठच्या जंगलवाटेवर मदतीच्या फोनचे पाच खांब आहेत. लाल बटण दाबलं की फाटकाजवळच्या चौकीत घंटी वाजते.)

खांब ४ : ...अहो मॅडम, किती वेळा सांगू? घोटा सुजून टम्म झालाय. पाय टेकवत नाही.

चौकी : मग टेकवू नका. पाणी कुठवर आहे?

खांब ४ : बाटली केव्हाच संपली.

चौकी : नदीचं विचारतेय, सर. खाली पायऱ्या आहेत, त्या मोजा.

खांब ४ : तिसरी बुडलीय. चौथी अर्धी. दुपारी तर खडक कोरडे होते!

चौकी : चारला वरच्या धरणातून पाणी सोडतात. फाटकावर पाटी आहे. चांगली वीतभर अक्षरं आहेत.

खांब ४ : पाटीचं राहू द्या. माणूस पाठवा.

चौकी : त्याआधी वही बघावी लागते. कोण आत, कोण बाहेर.

खांब ४ : तुमच्यासमोर तर लिहिलं की मी! टोपीवाला. हेडमास्तर आहे म्हटल्यावर तुम्ही चेष्टा केलीत, ‘सर, हजेरी लावा.’

चौकी : चेष्टा नव्हती. सही बघायची होती. खाली दोन रेघा, एक टिंब. सहा वर्षांपूर्वीच्या वहीत अशीच एक आहे. आत गेल्याची वेळ सव्वादोन. परतीचा रकाना कोरा.

खांब ४ : असेल. तेव्हा आम्ही मागच्या फाटकाने गेलो, गाडी तिकडे होती. एका सहीसाठी अडीच किलोमीटर उलटं कोण चालणार?

चौकी : कोणी नाही. पण पाचला फाटक लावताना रकाना कोरा दिसला की गार्ड शोधायला निघतो. त्या दिवशी माझा नवरा निघाला.

खांब ४ : तुमचा नव—

चौकी : बटण दाबून धरा. सोडलंत की लाइन जाते.

खांब ४ : आहे. आहे मी.

चौकी : आधी त्यांनी तुमचा नंबर लावला. चार वेळा. बंद.

खांब ४ : चार्जिंगला होता.

चौकी : आणि तुम्ही?

खांब ४ : ताई, पाणी पाचवीला लागलं...

चौकी : तुम्ही कुठे होतात, सर?

खांब ४ : घरी. मॅच बघत.

चौकी : कळलं कधी?

खांब ४ : दुसऱ्या दिवशी. पेपरात. गार्ड वाहून गेला, कोणाला तरी शोधताना.

चौकी : कोणाला तरी?

खांब ४ : ...मला.

चौकी : मोठ्याने बोला. नदीचा आवाज येतोय.

खांब ४ : मला! मला शोधताना! बायको म्हणाली, आता सांगून माणूस परत येणार आहे का? मग मी गप्प बसलो.

चौकी : तुम्ही गप्प बसलात. चौकशीत निघालं, जंगलात कोणी हरवलंच नव्हतं. कोरे रकाने तर रोज दहा सापडतात म्हणे. मग हा भर पुरात उतरला कशाला? लिहून टाकलं, प्यायलेला असणार. थेंबाला शिवले नाहीत कधी. माझ्या पोरीला वर्गात दारुड्याची म्हणून हाक मारायचे.

खांब ४ : मी लिहून देतो. उद्याच्या उद्या. सहीनिशी. म्हणाल तिथे येऊन सांगतो. पण आधी मला बाहेर काढा हो!

चौकी : काढणार ना. नियमाने काढणार. पाणी चढत असताना गार्डने एकट्याने आत जायचं नाही, दुसरा येईपर्यंत थांबायचं. हा नियम त्यांच्यानंतर झाला.

खांब ४ : आणि पाणी? खांबापर्यंत येतं का?

चौकी : नऊ पायऱ्या आहेत. एरवी सातवीवर थांबतं.

खांब ४ : एरवी म्हणजे?

चौकी : त्या दिवशी खांब बुडाला होता.

खांब ४ : सहावी गेली... ताई, तो दुसरा कुठे आहे? निघालाय ना तो?

चौकीचं दार : वहिनी, आलो मी. दोर घेतलाय, स्ट्रेचर घेतलंय. चला, निघू.

खांब ४ : आवाज आला! कोणी आलं ना? ताई?

चौकी : नाही. मी एकटीच आहे.